नियम सगळे पाळले, तरी पोस्टर लक्षात का राहत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एका संस्थेसाठी हौसेनं पोस्टर करता. रक्तदान शिबिराचं ए-३ पोस्टर केलंत. दोनच फाँट, तीनच रंग, सगळं एका रेषेत, वर लाल अक्षरांत ‘रक्तदान – श्रेष्ठदान’, मध्ये थेंब आणि दोन हात, खाली चार फोटो, पदाधिकाऱ्यांची नावं, तारीख, वेळ, पत्ता. बघणारे ‘छान झालंय’ म्हणतात, पण तारीख विचारायला फोन येतच राहतात आणि आठवड्यानं पोस्टर कुणाला आठवत नाही. तुम्ही विचारता, ‘तत्त्वं तर पाठ आहेत, आता क्रिएटिव्हिटी कुठून आणू?’

मला यात दोन वेगळी दुखणी दिसतात. तारखेसाठी फोन येतात, कारण पोस्टर कोणत्या क्रमानं वाचायचं हे त्यात ठरलेलं नाही. लक्षात राहत नाही, कारण पोस्टरला सांगायचं असं एकच काही नाही. पहिल्यावरचा उपाय मांडणीत आहे, दुसऱ्यावरचा मांडणीच्या आधी. बहुतेक जण दुसऱ्याचा इलाज पहिल्याच्या जागी करतात. पोस्टर निर्जीव वाटलं की सावल्या, ग्रेडियंट, आणखी एखादा फाँट घालत बसतात आणि वाचनाचा क्रम आणखी बिघडतो.

आधी मांडणी घेऊ, कारण ती मोजून सुधारता येते.

इथली बरीच उत्तरं परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य करून पुढे जाऊ. पोस्टर जिन्यात लागणार की लिफ्टबाहेर, यावर पुष्कळ काही ठरतं. जिन्यात माणूस चालता चालता दोन-तीन सेकंद बघतो. लिफ्टची वाट बघणारा अर्धा मिनिट उभा असतो आणि बारीक मजकूरही वाचतो. पोस्टर मुख्यतः फोनवर फिरणार असेल तर हिशोबच बदलतो, त्याबद्दल पुढे लिहितो. तुमचं पोस्टर भिंतीवर, येण्याजाण्याच्या वाटेवर लागतं असं धरतो.

कागद घ्या आणि तीन अंतरं लिहा: तीन मीटर, एक मीटर, चाळीस सेंटीमीटर. प्रत्येक अंतरावरून काय वाचलं गेलं पाहिजे ते समोर लिहा. तीन मीटरवरून एकच वाक्य किंवा चित्र, ज्यानं माणूस थबकेल. एक मीटरवरून कधी, कुठे, काय. चाळीस सेंटीमीटरवरून वयोमर्यादा, वजन, सोबत काय आणायचं, संपर्क. पाटी रंगवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: दहा फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर एक इंच उंच हवं. म्हणजे अंतराला १२० नं भागायचं. तीन मीटरला २५ मिलिमीटर, एक मीटरला साधारण ८, चाळीस सेंटीमीटरला ३ ते ३.५. याच्या निम्म्या मापाचं अक्षरही वाचता येतं, पण त्यासाठी वाचणाऱ्याला वाचायची इच्छा असावी लागते. चालत्या माणसाकडून ती अपेक्षा धरू नका.

इथे एक चूक हमखास होते. २५ मिलिमीटर म्हणजे सुमारे ७१ पॉइंट, म्हणून ७१ पॉइंटचा फाँट लावला जातो. पण पॉइंट हे अक्षराचं माप नसतं. वेलांट्या, मात्रा, खालचे उकार हे सगळं ज्या चौकटीत मावतं त्या चौकटीचं ते माप. देवनागरीत शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची फाँटनुसार या मापाच्या निम्मी ते दोन-तृतीयांश भरते. त्यामुळे २५ मिलिमीटरचं अक्षर हवं तर आकडा ११० ते १४० पॉइंटच्या आसपास जातो. सरळ ‘क’ टाइप करा, छापा आणि पट्टी लावून मोजा.

आता तुमच्या पोस्टरकडे बघा. शीर्षक २५ मिलिमीटर असेलही, पण तारीख, पत्ता आणि पदाधिकाऱ्यांची नावं सगळी एकाच मापात, एकाच जाडीत आहेत. डोळ्याला त्यातून निवडायला कारणच मिळत नाही. लगतच्या दोन पायऱ्यांत किमान दुप्पट फरक ठेवा, पोस्टरवर तिप्पट असला तर उत्तम. २४ आणि २० पॉइंट यांतला फरक करणाऱ्याला दिसतो, बघणाऱ्याला चूक वाटते.

तारीख, वार, वेळ आणि ठिकाण एकत्र बांधा, बाकीच्यापासून सोडवा. जवळ ठेवलेल्या गोष्टी डोळा एक धरतो. मानसशास्त्रज्ञ माक्स वर्थायमर यांनी १९२३ साली ठिपक्यांच्या साध्या आकृत्यांतून हे मांडलं आणि रोजच्या कामात मला याहून उपयोगी तत्त्व दुसरं नाही. व्यवहारात त्याचा नियम असा: गटाच्या आतलं अंतर बाहेरच्या अंतराच्या निम्मं किंवा त्याहून कमी. तारीख आणि वेळ यांच्यात ६ मिलिमीटर असतील तर या गटाखाली पुढचा मजकूर यायच्या आधी १२ ते १८ मिलिमीटर मोकळे सोडा. एवढं केलं की चौकटी, रेघा, रंगीत पट्ट्या यांतल्या बऱ्याचशा गळून पडतात, कारण त्या अंतराचं काम करायला आणलेल्या असतात.

रंगाबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. वेबवरच्या सुलभतेच्या निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ धरलेलं आहे. ते पडद्यासाठी असलं तरी छपाईतही दिशा दाखवतं. पांढऱ्यावर शुद्ध लाल, म्हणजे पडद्याच्या भाषेत लाल २५५, हिरवा ०, निळा ०, हे गुणोत्तर जेमतेम ४ ला १ भरतं. ‘महत्त्वाचं आहे म्हणून लाल करू’ असं म्हणून बारीक मजकूर लाल केला की तो काळ्यापेक्षा कमी वाचला जातो! तोच लाल गडद केला, समजा १७९, ०, ०, की गुणोत्तर ७ च्या वर जातं. काळ्यावर लाल तर टाळाच. लाल-हिरव्याचा फरक नीट न कळणाऱ्यांचं प्रमाण युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के आहे, आणि त्यांतल्या काहींना लाल मुळातच काळपट दिसतो. तपासायला सोपं: पोस्टर करड्या छटांत बदलून बघा. रंग काढल्यावरही पहिलं, दुसरं, तिसरं कळत असेल तर मांडणी पक्की आहे. डोळे किलकिले करून बघणं हीसुद्धा तीच परीक्षा, फक्त फुकटची आणि कुठेही करता येणारी.

देवनागरीच्या चार गोष्टी सांगतो, कारण मांडणीचे बहुतेक धडे रोमन अक्षरं समोर ठेवून लिहिलेले असतात आणि ते जसेच्या तसे उचलले की घोटाळा होतो. रोमनमध्ये शीर्षक ऐटदार करायला अक्षरांत अंतर वाढवतात. आपल्याकडे ते केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडका दिसतो. त्याऐवजी जाडी बदला, माप बदला. ओळींमधलं अंतर रोमनच्या सवयीनं फाँटच्या मापाच्या १.२ पट ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मजकुराला १.४५ ते १.६ पट ठेवा. शीर्षक मात्र नुसत्या आकड्यावर सोडू नका. वरच्या ओळीत ‘कृ’, ‘टू’ असलं काही आहे का आणि त्याच्या बरोबर खाली ‘ही’, ‘कै’ येतं का ते बघून अंतर हातानं ठरवा. फाँटमध्ये ठळक जाडी नसताना सॉफ्टवेअरचं ठळकचं बटण दाबलं की ते अक्षराभोवती रेघ चढवतं आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ण्ण’ यांची पोटं बुजतात. म्हणून चार-पाच जाड्या असलेला फाँट घ्या, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी बघा, किंवा सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवा. फाँटमध्ये सोय असेल तर वळण आपोआप बदलतं. जोडाक्षरं फुटलेली दिसली, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, तर दोष बहुधा फाँटचा नसतो. सॉफ्टवेअरचं भारतीय लिपींसाठीचं मजकूर-इंजिन बंद असतं.

आणि एक बारकावा. रोमन अक्षरं तळरेषेवर उभी असतात, आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात. शेजारच्या फोटोची वरची कड वेलांटीच्या टोकाशी जुळवली तर मजकूर खाली घसरल्यासारखा दिसतो. कड शिरोरेषेशी जुळवा, वेलांट्या वर जाऊ द्या.

एवढं केलंत की तारखेचे फोन कमी होतील. पोस्टर नीट वाचलं जाईल. पण आठवेलच असं नाही, आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

क्रिएटिव्हिटी म्हणजे सजावटीचा मसाला, ही समजूत आधी बाजूला ठेवू. माझ्या लेखी ती म्हणजे काय सोडायचं याचा धीट निर्णय. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशाचं. हॅरी बेक हा विजेच्या आकृत्या काढणारा ड्राफ्ट्समन. त्याचा नकाशा १९३३ साली प्रवाशांच्या हाती आला. त्यानं खरी अंतरं सोडली, वळणं सोडली, वरचे रस्ते सोडले. रेघा फक्त आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांत. जमिनीवरची एकच खूण ठेवली, थेम्स नदी. हे धाडस कशामुळे सुचलं? जमिनीखालच्या प्रवाशाला दोन स्थानकांत किती अंतर आहे याचं काही पडलेलं नसतं, गाडी कुठे बदलायची एवढंच हवं असतं, हे त्यानं ओळखलं म्हणून. म्हणजे कल्पना आकारातून आली नाही, वापरणाऱ्याच्या गरजेतून आली. तुम्हालाही तिथूनच सुरुवात करावी लागेल.

तेव्हा सॉफ्टवेअर उघडू नका. एक वाक्य लिहा, या साच्यात: ‘अमुक माणूस, ज्याला आत्ता अमुक वाटतं, त्यानं हे बघून अमुक करावं.’ तुमच्या पोस्टरचं आजचं वाक्य ‘सर्वांनी रक्तदानाचं महत्त्व जाणावं’ असं काहीसं आहे. यातून थेंब आणि हात याखेरीज काही निघणारच नाही, कारण महत्त्व सगळ्यांना आधीच मान्य आहे. मग लोक येत का नाहीत? काहींना सुईची भीती वाटते. काहींना वाटतं फार वेळ जाईल. काहींना अशक्तपणाची धास्ती. काहींना आपण चालतो की नाही तेच माहीत नसतं. हे चार अडथळे म्हणजे चार वेगळी पोस्टरं आहेत. एक निवडा. चारही एका कागदावर घातलेत की पुन्हा मूळ पदावर याल. कोणता निवडायचा हे शिबिरात नोंदणीला बसणाऱ्यांना विचारा. परत जाणारे काय सांगून जातात ते त्यांना बरोबर ठाऊक असतं.

समजा, सुईची भीती निवडली. वाक्य झालं: ‘ज्यानं कधी रक्त दिलं नाही आणि ज्याला सुईची धास्ती वाटते, त्याला कळावं की टोचणं अगदी थोडं असतं, आणि त्यानं या शिबिरात यावं.’

आता लहान रेखाटनं. ए-३ च्या प्रमाणातल्या चौकटी आखा, साधारण ४५ बाय ६४ मिलिमीटरच्या, एका पानावर आठ-नऊ. जाड टोकाचं स्केचपेन घ्या. बारीक पेनानं माणूस तपशिलात शिरतो. जाड पेनात तपशील मावतच नाही, म्हणून मांडणीचाच विचार होतो. अर्ध्या तासात वीस काढायची. पहिली सहा-सात ठरलेलीच येतील: थेंब, हृदय, हात, हसरा चेहरा. ती येऊ द्या, कागदावर उतरली की डोक्यातून जातात. दहाव्या-बाराव्याशी हात अडतो. तिथे स्वतःला मोजके प्रश्न विचारा. चित्र अजिबात नसेल तर? शब्द अजिबात नसतील तर? गोष्ट घडून गेल्यानंतरचा क्षण दाखवला तर? वस्तू खऱ्या मापात दाखवली तर? मला स्वतःला शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

हे दोन आपल्या विषयाला लावून बघा. रक्त दिल्यानंतर काय उरतं? कोपराच्या खळगीत एक लहानशी गोल चिकटपट्टी. तिचं खरं माप? साधारण २२ मिलिमीटर. म्हणजे अख्ख्या ए-३ कागदावर, आजूबाजूला काही न ठेवता, खऱ्या मापाची एकच चिकटपट्टी. आणि तिच्याखाली ओळ: ‘टोचेल ते एवढंच.’

इथे कल्पना बरी आहे की नुसती चमकदार, ते तपासायची माझी रीत सांगतो. आधी चित्र झाका आणि ओळ वाचा. ‘टोचेल ते एवढंच’, म्हणजे केवढं? अर्थ अपुरा. मग ओळ झाका आणि चित्र बघा. नुसती चिकटपट्टी, अर्थ अपुरा. दोन्ही एकत्र आले की अर्थ बघणाऱ्याच्या डोक्यात जुळतो, आणि जे स्वतः जुळवलं ते राहतं. तुमच्या आत्ताच्या पोस्टरवर हीच परीक्षा करा. ‘रक्तदान’ शब्द आणि रक्ताचा थेंब एकच गोष्ट दोनदा सांगतात. त्यातला एक काढला तरी काही बिघडत नाही, म्हणून दोन्ही मिळून काही घडतही नाही.

आता या कल्पनेला मांडणीत उतरवताना आधीची सगळी तत्त्वं कामाला येतात, आणि इथेच कल्पना तरते किंवा मरते. चिकटपट्टी फिकट रंगाची. पांढऱ्या कागदावर ती विरघळेल. म्हणून पार्श्वभूमी पूर्ण गडद लाल. रक्ताचा संबंध रंगानं सांगितला, आता थेंबाची गरज उरली नाही. चिकटपट्टी कागदाच्या मोजून काढलेल्या मध्यावर ठेवू नका, ती खाली सरकल्यासारखी दिसते. उंचीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वरून १६५ ते १७५ मिलिमीटरवर ठेवा. तिच्या चारही बाजूंना किमान ८० मिलिमीटर काहीही नको. ही मोकळी जागा भरून काढायचा आग्रह तुम्हाला नक्की होईल. ती रिकामी नाही, तिच्यामुळेच चिकटपट्टी इवलीशी दिसते, आणि इवलीशी दिसणं हाच निरोप आहे. तिथे एखादं बोधचिन्ह ठेवलंत तर निरोप गेला.

शीर्षक तिच्याखाली, पांढरं, २५ मिलिमीटर अक्षराचं, दोन ओळींत: ‘टोचेल ते’ आणि ‘एवढंच.’ इथे एक मोह होतो. ‘एवढंच’वरचा अनुस्वार म्हणजे गोल ठिपकाच, मग चिकटपट्टीलाच अनुस्वार केलं तर? दिसायला गोड, पण टाळा. एवढ्या शीर्षकातला अनुस्वार पाच-सहा मिलिमीटरचा असतो. चिकटपट्टी त्या मापाला आणली की ‘खऱ्या मापाची’ हा मुद्दाच संपतो आणि मागे उरते फक्त कारागिरी. कल्पनेची सेवा न करणारी युक्ती कितीही सुंदर असली तरी मी ती काढून टाकतो.

त्याखाली ‘रक्तदान शिबिर’, वार, तारीख, वेळ, ठिकाण. सगळं एका गटात, ८ ते ९ मिलिमीटर अक्षराचं, डावीकडे शीर्षकाच्याच कडेला लावून. त्यातही वार आणि वेळ जास्त जाड. माणूस आपला दिवस तारखेपेक्षा वारावरून जुळवतो, म्हणून वार आधी. सगळ्यात खाली ३० मिलिमीटरची पट्टी: अटी, संपर्क, बोधचिन्हं. बोधचिन्हं सारख्या उंचीची करू नका, आडवं चिन्ह मग चौकोनी चिन्हापेक्षा दुप्पट मोठं दिसतं. डोळ्याला क्षेत्रफळ सारखं वाटेल अशी करा. पदाधिकाऱ्यांचे फोटो घालायचा आग्रह झाला तर त्यांच्यासाठी निमंत्रणपत्रिका वेगळी करा. पोस्टर न आलेल्या माणसासाठी आहे, निमंत्रण येणाऱ्यांसाठी. आणि ओळ छापायच्या आधी शिबिराच्या डॉक्टरांना दाखवा. काहींच्या हातावर काही दिवस काळानिळा डाग राहतो, तेव्हा ‘टोचेल’ लिहिलेलं खरं ठरतं, ‘दुखणार नाही’ लिहिलेलं ठरत नाही. आरोग्याच्या पोस्टरवर एका शब्दानं विश्वास जातो.

क्यूआर कोड घालणार असाल तर तो स्कॅन करायच्या अंतराच्या दहाव्या भागाएवढा हवा. अर्ध्या मीटरवरून स्कॅन होणार असेल तर ५ सेंटीमीटरचा. भोवती त्यातल्या चार बारीक चौकोनांएवढी कोरी जागा ठेवा आणि कोड फिक्यावर गडदच ठेवा. लाल पार्श्वभूमीवर पांढरा कोड देखणा दिसतो, पण सगळी ॲप तो वाचतातच असं नाही. पांढऱ्या चौकोनात काळा कोड बसवा, विषय संपला.

फोनवर पाठवायचं पोस्टर वेगळं करावं लागतं. ए-३ ची रुंदी २९७ मिलिमीटर, फोनच्या पडद्याची साधारण ६८. म्हणजे सगळं २३ टक्क्यांवर येतं. तुमचा ३ मिलिमीटरचा मजकूर ०.७ मिलिमीटरचा होतो. आणि इथे चिकटपट्टीचं मापही जातं, २२ ची ५ मिलिमीटर होते. म्हणून १०८० बाय १३५० पिक्सेलची नवी चौकट घ्या आणि चिकटपट्टी ३५० पिक्सेल रुंद ठेवा. बहुतेक फोनवर ती २१ ते २३ मिलिमीटर, म्हणजे जवळपास खऱ्या मापाची दिसेल. कोणताही मजकूर ४० पिक्सेलखाली नेऊ नका. अटी चित्रातून काढा आणि सोबतच्या संदेशात लिहा. तिथून त्या कॉपीही करता येतात, नंबरवर बोट ठेवून फोनही लावता येतो.

छपाईला देताना. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड सोडा, म्हणजे रंग कापायच्या रेषेबाहेर तेवढा वाढवा, नाहीतर पूर्ण लाल पोस्टरच्या कडेला कटिंगमध्ये पांढरी रेघ निघते. महत्त्वाचा मजकूर कापायच्या रेषेपासून १० मिलिमीटर आत ठेवा. फोटो वापरलात तर इंचाला ३०० पिक्सेलनं ए-३ ला ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. लांब बाजू १६०० पिक्सेल असलेला, मेसेजमधून फिरून आलेला फोटो कागदभर ताणला की इंचाला ९७ पिक्सेल उरतात आणि तो जवळून भुरकट दिसतो. पडद्यावरचा झगझगीत लाल चार शाईंच्या छपाईत मवाळ होतो, म्हणून रंग पडद्यावर बघून ठरवू नका, छापलेल्या नमुन्यावरून ठरवा. या पोस्टरचा खरा धोका वेगळाच आहे. तुमचं पांढरं बारीक अक्षर म्हणजे तीन-चार शाईंच्या मध्ये सोडलेलं भोक. शाई केसभर सरकली की ते बुजतं. म्हणून लालवरचा पांढरा मजकूर १० पॉइंटच्या खाली नेऊ नका आणि बारीक जाडीही वापरू नका, मध्यम ठेवा. प्रिंटरला ‘१०० टक्क्यांवर छापा’ असं बजावून सांगा. ‘कागदात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर सगळं थोडं आकसतं; दुसऱ्या पोस्टरवर ते कळलं नसतं, इथे तुमची खऱ्या मापाची चिकटपट्टी खोटी ठरते. छापून आल्यावर खरी चिकटपट्टी वर ठेवून बघा.

शेवटी नमुना भिंतीवर लावा, डोळ्यांच्या उंचीला, आणि या कामाशी संबंध नसलेल्या पाच जणांना एकेक करून तीन मीटरवर उभं करा. पाच सेकंदांनी पोस्टर झाका आणि विचारा: कशाबद्दल होतं? मग त्यांना एक मीटरवर आणा, पुन्हा पाच सेकंद, आणि विचारा: कधी, कुठे? काही समजावून सांगू नका, ‘आवडलं का’ विचारू नका. पहिल्या प्रश्नाला पाचांपैकी दोघांनी जरी ‘प्रथमोपचाराचं काहीतरी’ असं उत्तर दिलं तर कल्पना फेकू नका. ‘रक्तदान’ हा शब्द दुसऱ्या पायरीवर असल्यामुळे तीन मीटरवरून तो पोचला नाही एवढाच त्याचा अर्थ. तो गटातून उचला, १५-१६ मिलिमीटरचा करा, शीर्षकाच्या लगेच खाली आणा आणि दुसऱ्या पाच जणांना दाखवा. दुसरं उत्तर चुकलं तर वार आणि वेळ यांची जाडी वाढवायच्या आधी त्यांच्या आजूबाजूचं काहीतरी काढून बघा.